अकरा पानांची भूमिका

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं पडद्यावर होते, पण रस्त्यात लोक त्यांना पाहून नुसते थबकायचे. "तुम्ही बँकेत होता का हो?" असं विचारायचे. भावजी हसून "होतो ना" म्हणायचे, कारण बँकेतला कारकूनही त्यांनी केला होता. वकील, पोस्टमन, हॉटेलचा मॅनेजर, काय नाही केलं? डॉक्टर सर्वांत जास्त. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा, "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणायचं आणि निघून जायचं. सेटवरचे कोट खांद्यात आखूड पडतात म्हणून त्यांनी स्वतःचा पांढरा कोट शिवून घेतला होता. त्याची इस्त्री माझ्याकडे.

आमचे हे त्यांना 'दोनवाक्ये' म्हणायचे. "दोनवाक्ये, तू दारातून बाहेर आलास की आतला गेलाच म्हणून समजायचं."

"दादा, एखादा वाचवायला दिला तर तिसरं वाक्य मिळेल मला," भावजी म्हणायचे.

लग्न केलं नाही. आमच्याच मागच्या खोलीत राहायचे. काम नसलं की माझ्यासमोर बसून भाजी निवडायचे, आणि निवडताना मला दिवसभराच्या गमती सांगायचे. कुरकुर अशी कधी ऐकली नाही. पण टीव्हीवर कोणी सलग बोलायला लागलं की त्यांचा हात देठावर थांबायचा. मी रोज सकाळी देवासमोर बसते तेव्हा मुलाबाळांसाठी मागून झालं की शेवटी त्यांच्यासाठी मागायची, एकदा यांना पोटभर बोलू दे.

छप्पन्नाव्या वर्षी ते मिळालं, एका सिनेमात. पंपघरात आयुष्य काढलेला एक म्हातारा, आणि त्याला सोडून दूर गावी निघालेली त्याची मुलगी. म्हाताऱ्याची एकूण अकरा पानं. भावजींनी ती घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. हे म्हणाले, "चुकून दुसऱ्याची तर उचलून आणली नाहीस ना?" आणि मग डोळे पुसायला बाथरूममध्ये गेले.

महिनाभर मी मुलगी झाले आणि भावजी म्हातारा. मी कणीक मळत मुलीची वाक्यं वाचायची, ते उभ्याने उत्तर द्यायचे. अकरावं पान निरोपाचं. त्यात म्हातारा सांगतो, "पंप बंद पडला की मला जाग येते. आवाजाने नाही, आवाज थांबला म्हणून. तू गेल्यावर घरात तसंच होईल." पहिल्यांदा त्यांनी ते म्हटलं तेव्हा अगदी सरळ, मोकळ्या गळ्याने म्हटलं, जणू उद्याचा हवामानाचा अंदाज सांगतायत. माझे हात पिठातच राहिले.

चित्रीकरण सुरू झालं आणि त्यांच्या आवाजाला खरखर आली. खऱ्या पंपघरात, चालू यंत्रांच्या गोंगाटात बोलायचं, तेव्हा घसा बसणारच. दिग्दर्शिका त्यांना मुलगी असती तर तिच्या वयाची, हुशार पोर. तिला ती खर फार आवडली. "काका, हाच म्हातारा. हे जपा," म्हणाली. भावजींनी जपलं. गरम पाण्याच्या गुळण्या बंद केल्या, खडीसाखर सोडली. घरातसुद्धा त्याच आवाजात बोलायचे, मोडायला नको म्हणून. त्या दिवसांतल्या माझ्या वहीत एक ओळ आहे, 'भावजींचा आवाज भूमिकेला साजेसा झाला. देवाची कृपा.' चार महिने आम्ही सगळे त्या खरखरीचं कौतुक करत होतो.

काम संपलं तेव्हा मी म्हटलं, "आता सोडा की तो म्हातारा."

ते म्हणाले, "सोडतोय वहिनी. सुटत नाही."

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती, वाढलेली. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं, नऊ दिवसांत. आणि पंपघरात टिपलेलं बोलणं यंत्रांच्या आवाजामुळे वापरण्याजोगं नव्हतं. ते स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यायचं होतं, पण त्याला अजून दोन महिने होते.

यांनी भावावर आवाज चढवला. "जीव मोठा की सिनेमा?"

"दादा, ऑपरेशन एक दिवसही पुढे ढकलत नाही," भावजी म्हणाले. "मला त्याआधीचे फक्त दोन तास पाहिजेत."

दिग्दर्शिकेने धावपळ करून एका दुपारचे दोन तास मिळवले. चित्र जोडून तयार नव्हतं, म्हणून नुसतंच बोलायचं, पुढचं ती बसवून घेणार होती. मुलीची वाक्यं वाचायला मला नेलं. जाड पडद्यांची छोटी खोली, मध्ये माइक, काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. दहा पानं झाली. थांबत, पाणी पीत, पण झाली. अकराव्या पानाला 'पंप बंद पडला की' एवढं म्हटलं आणि पुढे नुसती हवा आली. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदाही तसंच. काचेपलीकडच्या माणसाने कानांवरचे हेडफोन काढून गळ्यात घातले, तेव्हा आम्हाला कळलं.

ऑपरेशनच्या सकाळी भावजी डॉक्टरीणबाईंना घोगऱ्या कुजबुजीत म्हणाले, "बाहेर आलात की चष्मा काढू नका. घरचे घाबरतील." ते त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं.

घरी आल्यावर ते छोट्या पॅडवर लिहायचे. दोन महिन्यांनी दिग्दर्शिका आली. बराच वेळ तिने चहाला हातच लावला नाही. मग म्हणाली, "काका, दहा पानं तुमच्या आवाजात आणि अकरावं दुसऱ्याच्या, असं नाही चालणार. लगेच कळेल. एक तर सगळंच दुसऱ्याकडून बोलून घ्यायचं, नाहीतर निरोपाचा प्रसंग काढून टाकायचा. तुम्ही म्हणाल तसं."

हे म्हणाले, "काढून टाका. माझ्या भावाचा आवाज राहू दे."

भावजींनी पेन हातात घेऊन खिडकीकडे पाहिलं. मग लिहिलं, 'प्रसंग ठेव.' हे उठून आत गेले.

दुसऱ्याचा आवाज घ्यायच्या दिवशीही भावजींनी मला स्टुडिओत बरोबर नेलं. आवाज देणारा गृहस्थ सज्जन होता, त्याने आधी वाकून नमस्कार केला. भावजींची दहा पानं त्याने इतक्यांदा ऐकली होती की तोंड उघडताच तीच खर बाहेर आली, हुबेहूब. दिग्दर्शिकेने माझा हात धरला. भावजींनी मात्र मान हलवली आणि पॅड काचेला लावलं. 'खरखर नको. म्हातारा आजारी नव्हता. मी होतो.'

ते वाचून तिचा चेहरा पांढरा पडला. चार महिने 'जपा' म्हणणारी तीच होती. भावजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

"मग कसं बोलायचा तो?" गृहस्थाने विचारलं.

मोकळ्या गळ्याने म्हटलेलं अकरावं पान कुठल्याच यंत्रात नव्हतं. भावजींनी माझ्याकडे बोट केलं.

मी कधी चारचौघांत आरतीसुद्धा एकटीने म्हटलेली नाही. पण देवाचं नाव घेतलं आणि स्वयंपाकघरात ऐकलं होतं तसं म्हटलं, सरळ, हवामान सांगितल्यासारखं. भावजी डोळे मिटून ऐकत होते. एके ठिकाणी त्यांनी बोट वर केलं, म्हणजे इथे थांबा. मी थांबले, पुढे गेले. तो गृहस्थ माझ्यामागून म्हणत गेला. चौथ्या वेळी भावजींनी डोळे उघडले, मान डोलावली आणि पेनाला टोपण लावलं.

पुढे गाठ मानेत उतरली. चित्रपट लागायच्या तीन आठवडे आधी भावजी गेले.

हे दोनदा पाहून आले. आवाज दुसऱ्याचा आहे, असं एकदाही म्हणाले नाहीत. "शेवटी फार छान बोललाय," एवढंच म्हणाले. मी अजून गेलेली नाही. रोज जाईन म्हणते आणि पाय उचलत नाही.