तीन टॅबलेट आणि साडेबाराचं लग्न

मी लग्नं लावतो. नोकरी शाळेत शिकवण्याची, पण रविवारी आणि सुट्ट्यांत मी बौद्धाचार्य असतो. पांढरा सदरा घालायचा, खणखणीत आवाजात त्रिसरण-पंचशील म्हणायचं, नवरा-नवरीकडून प्रतिज्ञा वदवून घ्यायच्या आणि शेवटी चार शब्द असे बोलायचे की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा सुपारी कातरणं थांबवावं. आवाजाच्या बाबतीत मी विनयशील नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत माईक बंद पडला तरी लग्न न थांबवणारा माणूस म्हणून माझी ओळख आहे.

म्हणजे होती. गेल्या उन्हाळ्यात मुखेडकडच्या एका वाडीवर मी अडीच तास उशिरा पोचलो, तेव्हापासून ओळख बदलली.

त्याचं कारण माझे डोळे. चष्मा लावला तर मोबाईलवरचा नकाशा दिसतो, पण समोरचा रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा होतो. चष्मा काढला तर रस्ता स्वच्छ दिसतो, पण नकाशावरची निळी रेघ कुठे जाते ते कळत नाही. त्या दिवशी मी एकटा होतो आणि अंदाजाने वळलो. पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या, नवरीने दोनदा तोंड धुतलं होतं आणि माईकवर कोणीतरी दर दहा मिनिटांनी सांगत होतं, "आचार्य रस्त्यात आहेत. आचार्य रस्त्यात आहेत."

हे वाक्य माझ्या आधी नांदेडला पोचलं. बाजारात भाजी घ्यायला गेलो तर लोक विचारायचे, "काय सर, रस्त्यातच का?" शाळेत घंटा झाल्यावर मी वर्गाकडे निघालो की शिपाई दुसऱ्या शिपायाला सांगायचा, "सर रस्त्यात हायेत." मी हसायचो. दुसरं काय करणार.

पण यंदा माझ्या भाचीचं लग्न ठरलं. माझी बहीण नायगावला दिलेली, तिची ही एकुलती एक मुलगी. दवाखान्यात परिचारिका आहे आणि घड्याळाच्या बाबतीत फार कडक. लहानपणी माझ्या मांडीवर बसून ती म्हणायची, माझं लग्न मामाच लावणार. आता तिचा फोन आला.

"मामा, लग्न नवऱ्याच्या गावी हाय. रेणापूरच्या पुढं, आत. साडेबाराला म्हणजे साडेबाराला."

"अगं, मी काय उशीर करतो का कधी?"

ती म्हणाली, "मी एक माणूस तयार ठेवलाय. साडेबाराला तुम्ही मंडपात नसलात तर तो लग्न लावील. मला वाईट वाटंल, पण मी थांबणार न्हाई. त्या वाडीच्या नवरीचं तोंड मी बघितलंय."

ती त्या वाडीच्या लग्नाला होती, हे मी विसरलो होतो.

फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, "मोठा पडदा पाहिजे. टॅबलेट घेऊ."

माझी बायको मोजणीच्या कार्यालयात आहे. शेतांच्या हद्दी मोजून द्यायचं काम. दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जाऊन राहिलेत आणि ही मधे छत्री धरून शांतपणे दगड शोधते, असं मी तिला अनेकदा पाहिलंय. ती म्हणाली, "घेऊ. पण निवडायचा मी."

वजिराबादेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने स्वस्तातले तीन छोटे टॅबलेट काचेवर मांडले. पहिल्यावर माझं मन तिथल्या तिथे जडलं. आठ इंची, चकचकीत, आणि आवाज असा की दुकानदाराने गाणं लावलं तर शेजारचा चप्पलवाला डोकावून गेला. दुसरा सडपातळ, नाजूक. तिसरा सात इंची, जाड काळ्या कडांचा, बोट लावलं की विचार करून उत्तर देणारा. आवाज तर सर्दी झाल्यासारखा.

"हा पहिला," मी म्हणालो. "काय गळा आहे."

"अहो, त्याच्याकडून वंदना म्हणवून घ्यायचीये का?" बायकोने विचारलं आणि दुकानदाराकडे वळली. "हे तिन्ही बाहेर नेऊन बघायचेत."

एरवी दुकानदाराने असलं काही ऐकलं नसतं. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या प्लॉटची मोजणी हिने केली होती आणि शेजाऱ्याच्या भिंतीखाली गेलेली त्याची अडीच फूट जागा बाहेर काढून दिली होती. तो लगेच म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणाल तिथं. मैं खुद आता हूँ."

जवळच्या शाळेच्या मैदानावर गेलो. मैदानाचे चारही कोपरे हिला पाठ. प्रत्येकाच्या हातात एकेक टॅबलेट. आमचे मोबाईल जोडून तिन्हींना इंटरनेट दिलं. बायको म्हणाली, "या दगडापासून निघायचं. हद्दीने चालायचं, चारही कोपरे घ्यायचे आणि परत याच दगडावर यायचं. चाललेली रेघ टॅबलेटवर उमटत राहील. आमच्याकडं मोजणी अशीच तपासतात. निघाल्या जागी रेघ परत आली तर यंत्र खरं."

भर दुपारी तीन मध्यमवयीन माणसं हातात टॅबलेट धरून, एकामागे एक, मैदानाच्या कडेकडेने चालली. क्रिकेट खेळणारे थांबले. कोणीतरी विचारलं, "काका, काही हरवलंय का?" दुकानदार म्हणाला, "नाही बाबा, इज्जत सांभाळून राहिलो."

माझ्या हातात माझा लाडका आठ इंची होता. पहिला कोपरा झाला, दुसरा झाला. त्याच्यावरचा ठिपका दुकानातच बसून होता, चहा सांगितल्यासारखा. तिसऱ्या कोपऱ्यावर तो एकदम उठला आणि गोदावरीपलीकडे जाऊन बसला.

"याला उपग्रह ऐकूच येत नाही," बायको म्हणाली. "आतलं यंत्रच नाही त्याच्यात. कमी किमतीच्या, सिम नसलेल्या बऱ्याच टॅबलेटांत नसतं. आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतो."

"अंदाजाने वळतो म्हण की," मी म्हणालो.

"तुमच्यासारखा."

दुकानदाराने तोंड फिरवून हसून घेतलं.

सडपातळ टॅबलेट दुकानदाराजवळ होता. त्याची रेघ मैदानाभोवती फिरली खरी, पण एका बाजूला आम्हाला नाल्यातून चालवलं आणि दगडाशी परतलो तेव्हा ती चाळीसेक पावलं दूरच राहिली होती. शिवाय उन्हात त्याचा पडदा काळा आरसा झाला, त्यात फक्त दुकानदाराची दाढी दिसत होती. बायकोच्या हातातल्या त्या जाड्या, सर्दीवाल्या टॅबलेटने मात्र चारही कोपरे घेतले आणि रेघ दगडाजवळ दोन-तीन पावलांच्या आत आणून टेकवली. उन्हातही ती दिसत होती, चष्म्याशिवाय.

"हाच," बायको म्हणाली.

दुकानातून निघताना मी एकदा मागे वळून आठ इंचीकडे बघितलं.

घरी तिने वायफायवर दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा टॅबलेटमध्ये उतरवून ठेवला, नेटवर्क गेलं तरी चालावा म्हणून. त्याचा आवाजही बंद केला. "गाडीत एकानेच बोलायचं," ती म्हणाली. कोणी, ते मी विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेआठला निघालो. लोहा, अहमदपूर, सगळं सुरळीत. अहमदपूर सोडल्यावर मोठा रस्ता सोडून आतल्या रस्त्याला लागलो. मे महिना, आमच्या गाडीचा एसी दोन वर्षांपासून नुसता घरघरतो. टॅबलेट समोरच्या काचेखाली उभा केलेला. मी मान न वळवता निळी रेघ बघत होतो आणि मनात चार शब्दांचे चाळीस करत होतो.

पावणेबाराच्या सुमाराला एक तिठा आला आणि त्याच क्षणी टॅबलेटच्या पडद्यावर अक्षरं उमटली: तापमान जास्त, बंद होत आहे. आणि तो बंद झाला.

मी गाडी बाभळीखाली घेतली. समोर दोन रस्ते, पाटी नाही, मोबाईलला नेटवर्क कधी एक काडी तर कधी तीही नाही. एक बाबा शेळ्या घेऊन चालले होते. मी नवऱ्याच्या गावाचं नाव सांगून रस्ता विचारला.

"दोन्ही रस्ते जातेत की," ते म्हणाले.

"जवळचा कोणता?"

"डावा. पण तिकडं पूल न्हाई. गेल्या साली व्हता."

"मग उजवा?"

"उजवा लई लांब. आन् पुढं फाटे हायेत तीन. तुमी चुकताल." एवढं बोलून ते शेळ्यांमागे गेले.

मी घड्याळ बघितलं, परत बघितलं. बायकोने मात्र मागच्या सीटवरची पाण्याची बाटली काढली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, घरून निघताना भिजवलेली. तिने टॅबलेट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि त्या बाटलीला टेकवून दोन्हींवर पदर धरला. मग पर्समधून काकडी काढून सोलायला घेतली.

"काकडी?" मी म्हणालो. "आत्ता?"

"दहा मिनिटं लागतील थंड व्हायला. उन्हात आमची यंत्रंही अशीच रुसतात. याला सावलीत धरायला हवं होतं, काचेखाली ठेवला हे चुकलं."

"कोणाचं?"

"माझं," ती म्हणाली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. पण साजरा करायला वेळ नव्हता, कारण नेटवर्कची एक काडी आली आणि फोन वाजला. भाची.

"मामा, कुठं हायात?"

माझ्या जिभेवर एकच वाक्य होतं, आणि नेमकं तेच आज म्हणायचं नव्हतं. शेवटी फोन बायकोच्या हातात दिला.

"अगं, पंधरा मिनिटांचं अंतर राहिलंय," ती म्हणाली. "बंद पडायच्या आत मी वाचलं होतं. उजव्या रस्त्याने येतोय, डावीकडे पूल नाही म्हणे. दहा मिनिटं थांबलोय. सव्वाबाराच्या सुमाराला पोचू. मामा? मामा बरे आहेत, काकडी खाऊन राहिलेत."

मी काकडी खायला लागलो.

टॅबलेट परत सुरू झाला तेव्हा बायकोने तो मांडीवर घेतला, वर पदराची सावली. नकाशा उतरवून ठेवलेला होता, उपग्रह आभाळात होते, ठिपका बाभळीखाली अगदी आमच्यावर उभा होता. ती वळणं सांगत गेली, "उजवीकडे. आता सरळ. हा फाटा सोडा. पुढचा घ्या." मी एकदाही "खात्री आहे का" असं विचारलं नाही. मंडपाचं पांढरं कापड दिसलं तेव्हा बारा वाजून बारा मिनिटं झाली होती.

मंडपाच्या दारात एक गृहस्थ उभे होते. नवऱ्याचे काका, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. भाचीने तयार ठेवलेला माणूस तो हाच. त्यांच्या हातातला गाथांचा कागद घामाने लगदा झाला होता. मला बघून त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"आलात बा तुमी," ते म्हणाले. "सकाळपासून घास उतरला न्हाई. सत्तर माणसांच्या गाडीत मी वरडू शकतो सर, पण हे माझं काम न्हाई."

तो कागद त्यांनी माझ्या हातात कोंबला आणि थेट माईककडे गेले. मंडपभर आवाज घुमला, "आचार्य आलेले आहेत. आचार्य मंडपात आलेले आहेत."

माझी बहीण स्वयंपाकाच्या चुलीकडून धावत आली आणि थेट माझ्या बायकोच्या गळ्यात पडली. माझ्या नाही. बरोबरच होतं ते.

भाची पांढऱ्या साडीत खुर्चीवर बसली होती. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून आली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पाणी प्या मामा. घसा सुकला असंल."

"चल, सुरू करू," मी म्हणालो.

"अजून पंधरा मिनिटं हायेत," ती म्हणाली. "बसा निवांत."

मी इतकी लग्नं लावली, पण लग्नाआधीची पंधरा मिनिटं मला कधी मिळाली नव्हती. मी खुर्चीवर बसलो, पाय लांब केले आणि पाणी प्यालो. शेजारी बायकोने टॅबलेट पिशवीसकट पंख्यासमोर ठेवला होता. पंखा माझ्यावर आणि त्याच्यावर आळीपाळीने फिरत होता.