हायनोडॉनची डावी दाढ

गोरखपुरातल्या आमच्या गल्लीत रत्नाकर काका कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटी करून बघतात. "ऊपर से हरी है, भैया. अंदर क्या छुपाया है?" काका दिसले की भाजीवाला आता स्वतःच जुडी सोडतो. चौतीस वर्षं ते संरक्षण कारखान्यात माल तपासत होते. जोडीतले दोन भाग सारखे भरले नाहीत की त्यावर लाल रंगाची फुली, म्हणजे तो भाग पुन्हा चांगल्या मालात शिरायला नको.

रिटायर झाल्यावर ते एका कॉलेजच्या संग्रहालयात आलेल्या वस्तू तपासून सही करतात. गेल्या आठवड्यात तिथलं संग्रहालय सांभाळणाऱ्या यशश्री मॅडमनी मागवलेला खोका आला. आत हायनोडॉनचा खालचा जबडा, खऱ्या हाडाचा साचा घेऊन केलेला. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेला मांसखाऊ प्राणी. मॅडमनी वर्षभर वाट पाहिली होती. काकांची सही झाली नाही तर चार वाजता कुरियरवाला खोका परत नेणार होता.

"नावाचा अर्थ काय म्हणता?"

"तरसाचा दात."

"म्हणजे तरस."

"तरस नाही, काका."

"अच्छा. नाव एकाचं, माल दुसऱ्याचा." काकांनी खिशातून मिलिमीटर मोजायचा व्हर्नियर काढला.

सगळ्यात मागच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या. डावी उजवीपेक्षा दोन मिलिमीटर बुटकी. तेवढ्यात मॅडमना फोन आला; तो संपेपर्यंत डाव्या दाढेवर लाल फुली पडलीसुद्धा.

मॅडमनी जबडा उजेडात धरून बघितला. मग म्हणाल्या, "काका, हा कारखान्यात नाही बनला. डावीकडूनच जास्त चावत असेल, म्हणून झिजली."

"तुम्ही होत्या का वाढायला?"

काका जेवायला घरी आले तेव्हा मी त्यांच्याकडे प्रतिमा काकूंची वाटी परत द्यायला गेले होते. तिसऱ्या घासाला ते थांबले. उठून आरशासमोर गेले, व्हर्नियर धुतला आणि जबडा वासला.

"काहून तोंडात लोखंड घालून राहिले?" काकू म्हणाल्या. "उजवी दाढ दुखते म्हणून बारा वर्षांपासून डावीकडूनच तर चावता."

काकांनी आकडा वाचला. पुन्हा मोजला. "च्या मायला, मीपण रिजेक्टच हाव."

पावणेचारला ते कापूस आणि थिनर घेऊन संग्रहालयात पोचले. फुली पुसली, दाढेच्या मुळाशी थोडा लाल रंग राहिला. कुरियरवाल्याला रिकाम्या हाताने पाठवलं. कागदावर लिहिलं: डावी दोन मि.मी. कमी, वापराने. मान्य. खाली सही.

मग पेन खिशात ठेवत मॅडमकडे तिरकं बघितलं. "पण याच्या उजवीला काय झालं होतं? ते कोणी तपासलं?"