काळ्या रेघा

"येऊ दे... येऊ दे... बिनधास्त येऊ दे!"

तुमसरच्या आमच्या राइस मिलमध्ये ट्रक मागे येताना मिस्त्री असा हात हलवत माल चढवायच्या फलाटाच्या भिंतीलगत उभा राहायचा. तुम्ही-आम्ही असतो तर चार हात लांब पळालो असतो. हा मात्र तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत तिथंच, कारण भिंतीपुढचा धक्का खाणारा ठोकळा त्याच्या हातचा होता.

ठोकळा म्हणजे पातळ पत्र्याचे दोन पाइप आणि पुढे लाकडी फळी. पाइपांना तो करवतीनं मोजून खाचा पाडायचा. ट्रक आदळला की पाइप त्या खाचांशी घड्या पडत चेपायचा आणि धक्का तिथंच जिरायचा. खाच किती खोल हवी हे ठरवायला त्यानं महिनाभर माळ्यावरून लोखंडी वजनं टाकून पाइप चेपले. हमाल हसायचे. मी डिप्लोमावाला सुपरवायझर, मीही हसलो. मग पहिला ट्रक आदळला, पाइप चपटा झाला आणि भिंतीचा पोपडाही निघाला नाही. आमचं हसू बंद झालं.

"मोडाचं थे मोडू द्या साहेब," तो म्हणायचा, "मंग रायाचं थे रायते."

मालकांना मात्र ते सारखं मोडणं खुपायचं. मिस्त्री धानाच्या रोवणीसाठी आपल्या गावी, एकोडीला गेला होता, तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा बदलावाच लागणार नाही असा पाइप बसवा." मी मान डोलावली. जाड पाइप बसवले. तो आल्यावर कटकट नको, म्हणून त्याच्या पाइपांसारखाच पिवळा रंग दिला. एवढ्यावरही थांबलो नाही. खाचांच्या जागी ब्रशनं काळ्या रेघा ओढल्या आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. सांगताना लाज वाटते.

तो परतला तेव्हा ट्रक यायलाच लागला होता. मिस्त्री नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. मी समोर होतो, पण तोंडाशी आलेला शब्द गिळला.

"येऊ दे..."

पाइप जागचे हलले नाहीत. धक्का सरळ भिंतीत गेला आणि ढासळलेल्या विटांखाली त्याचा पाय सापडला.

दवाखान्यात त्यानं आधी विचारलं, "पाइप चेपला का?"

"नाही."

"मंग थो माहा नाही."

"मालकांनी बदलायला लावला," मी म्हणालो.

"खाचा कुठं रायते, थे मालकाले मालूम नाही, साहेब."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं तोंड फिरवलं.

तो मिलमध्ये परत आला नाही. एकोडीत काठी टेकत बांधावरून फिरतो म्हणतात. त्याच्या गावच्या बसथांब्यापर्यंत मी दोनदा गेलो आणि तिथूनच परतीच्या बसमध्ये बसलो. ज्याला दगा दिला त्याच्याच दारात जाऊन बोलायचं तरी काय?

आता पुन्हा पातळ पाइप लागलेत. खाचा मी पाडतो, त्याच्याच मापानं. तरीही ट्रक मागे येऊ लागला की सगळे लांब सरकतात. त्या भिंतीलगत कुणीच उभं राहत नाही.

मीसुद्धा नाही.