डाव्या हाताची वाकळ

कुरुंद्याच्या चाँद पाशा शिंप्याच्या घरी शरीफा नांदायला आली, तेव्हा त्या घरात कमरजहाँच्या कपड्यालत्त्यातली एकच वस्तू उरली होती. कमरजहाँ ही चाँद पाशाची पहिली बायको. पहिल्याच बाळंतपणात ती गेली आणि रिवाजाप्रमाणे तिची लुगडी, ओढण्या, अगदी चपलासुद्धा गोरगरिबांत वाटून टाकल्या. मागं राहिली ती एक वाकळ. होणाऱ्या लेकरासाठी तिनं ती शिवायला घेतली होती आणि मधोमध तळहाताएवढा तुकडा शिवायचा उरला असतानाच तिला कळा सुरू झाल्या. लेकराच्या नावाची वस्तू दुसऱ्याला द्यायला कुणाचा हात होईना. ते लेकरू म्हणजे गौसिया.

शरीफा हट्टा गावची. तिचा बाप अल्लाबक्ष पंचक्रोशीत नावाजलेला दर्जी, पण देवीच्या आजारात पोरीच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं आणि चोवीस वर्षांची होईतो तिला स्थळ आलं नाही. आलं ते बिजवराचं. पायमशीन मात्र ती बापाच्या बरोबरीनं चालवायची. अधू डोळ्याचं काम तिची बोटं करत. कापडाची उभी वीण कोणती नि आडवी कोणती, हे ती नुसत्या अंगठ्यानं सांगे.

सावत्र आईनं पोरीला न्हाऊ घातलं, तरी कानात पाणी घातलं म्हणणारे लोक असतात. कुरुंद्यात त्यांची वानवा नव्हती. शरीफानं ते मनाला लावून घेतलं नाही. तिला खुपायचं ते वेगळंच. चूल कमरजहाँनं घातलेली, रांजण तिनं आणलेला, पोर तिची. ह्या घरात आपल्या हाताचं म्हणून काही असावं, एवढंच तिला वाटे. पहिल्याच वर्षी तिनं मशीनवर एक मोठी वाकळ शिवली. ओळंब्यानं आखावी तशी सरळ शिवण, एक टाका इकडं की तिकडं नाही.

तेवढ्यात जवळच्या लमाणांच्या तांड्यावरची भिकाबाई आली. सुईकामात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं आणि तिची एक खोड होती. कुठलीही वाकळ दिसली की तिच्यावरून बोट फिरवायची आणि ही कुणी शिवली ते नाव घेऊन सांगायची. कधी चुकली नाही. शरीफाच्या वाकळेवरून तिनं दोनदा बोट फिरवलं.

"ह्याला हातच न्हाई," ती म्हणाली. "मशीनीचं हाय. कुणाचं बी म्हणावं."

मग कोपऱ्यातल्या कमरजहाँच्या वाकळेवर तिनं तळवा टेकला आणि बराच वेळ उचलला नाही. शरीफानं चहा दिला, हसून बोलली, आणि ती गेल्यावर मागच्या दारी बसून रडली.

गौसिया शरीफाला खाला, म्हणजे मावशी म्हणायची. वाईट वागायची नाही, जवळही यायची नाही. झोपताना तिचा एक ठरलेला नेम होता. आईच्या वाकळेच्या काठावर ती बोट ठेवायची आणि शिवणीच्या रेघेवरून चालवत न्यायची. रेघ काठाकाठानं वळत, आत आत येत, मधल्या न शिवलेल्या तुकड्यापाशी एकदम थांबलेली होती. तिथं आत काहीतरी टणक लागे. शरीफाला ती गाठ वाटली होती. गौसिया तिथं बोट दाबून म्हणायची, "हितं अम्मी हाय." आणि झोपी जायची.

सन बेचाळीस, जर्मनच्या लढाईचं तिसरं वर्ष होतं. गौसिया सहा-सात वर्षांची. हिवतापानं पोर आठवडाभर घामात भिजली, वाकळेला वास मारायला लागला. शरीफानं चांगल्या मनानं ती ओढ्यावर नेली, भिजवली आणि दोनदा आपटली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा हातात चिंध्या आल्या. वापरून वापरून कापड विरलं होतं, ते सुकं होतं तोवरच एकत्र होतं. चिंध्या गोळा करताना तिला दिसलं की मधल्या तुकड्यावर तपकिरी डाग उमटलाय. बाळंतपणाच्या दिवशीचं रक्त, असं तिच्या मनात आलं आणि तिनं तो तुकडा उलटा करून ठेवला.

त्या दिवसापासून गौसियाची झोप गेली. डोळा लागायचा नि ती दचकून उठून बसायची. बोट नुसतं चटईवर फिरत राही. चार दिवसांत तिचे डोळे खोल गेले, भाकरी पुढ्यात तशीच वाळू लागली. हकीमाचं औषध झालं, दर्ग्यावरचा धागा बांधून झाला. चाँद पाशा बायकोला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. पोर गेली तर ती आपल्या हातानं गेली, हे तिला पक्कं कळत होतं.

तिनं चिंध्या अंथरल्या. रेघेला रेघ जुळवत एकेक पट्टी जागेवर बसवली, वर-खाली आपलं लग्नातलं मऊ झालेलं लुगडं लावलं, कच्चे टाके मारले, आणि आतली रेघ बोटानं चाचपत वरून हातानं शिवायला बसली. तिसऱ्या दिवशी एक बाजू झाली. गौसियानं काठावर बोट ठेवलं, चार बोटं पुढं नेलं आणि मान हलवली.

"ही वाट न्हाई, खाला."

शरीफानं भिकाबाईला बोलावून घेतलं. तिनं ती बाजू चाचपली आणि कपाळाला हात लावला. "तू उजवीकडून डावीकडं चालून राहिलीस. कमरजहाँ डावरी व्हती. तिचा टाका उलटा पडतो, तिरपा बी उलटाच. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं एका छताखाली राहून नवऱ्यानं मेलेल्या बाईचा हातसुद्धा तिला सांगितला नव्हता. शरीफाला त्याचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटली. डाव्या हातात सुई धरून बघितली, तर टाका कापडाच्या बाहेरच पडू लागला. तिनं ती बाजू उसवली.

तेव्हा तिला बाप आठवला. फाटलेल्या शेरवानीचं रफू अल्लाबक्ष मशीनवर करायचा. मशीन कलती करून खालचा पेच सैल केला की सुईखालचे दाते आत बसत. मग कापड दाबून धरणारा पाय काढून ठेवायचा. बाप सांगायचा, "दाते हायेत तवर कापड मशीन नेते. दाते बसले का तूच न्यायचं. मंग तुझं मन जिकडं, तिकडं शिवण." सुई एका जागी उभी आणि कापड फिरणारं. तिथं डावं-उजवं काही उरत नाही. शरीफानं दुपारी पेच सैल केला.

चाँद पाशाच्या डबीत मशीनच्या तीनच सुया होत्या. लढाईमुळं वसमतच्या बाजारात सुई डोळ्यांनी दिसत नव्हती, आणि त्याचं सगळं शिवणकाम त्या तिघींवर. सरावाला घेतलेल्या जुन्या टॉवेलावर शरीफा बसली आणि पहिल्याच फेरीत खाली दोऱ्याचा गुंता झाला. उसवलं, पुन्हा गुंता. अर्धा दिवस गेल्यावर उमगलं की मशीनचा पाय काढला तरी त्याचा दांडा खाली पाडावाच लागतो, नाहीतर दोऱ्याला ताण बसत नाही. मग तिचे पाय भराभर आणि हात हळू पडले, टाके मुंगीएवढे झाले. हात भराभर गेले, टाके बोटभर झाले. घाबरून कापड ओढलं आणि पहिली सुई मोडली. दुसरी मोडली ती तिच्या नखातून आरपार जाऊन.

संध्याकाळी चाँद पाशानं तिचं चिंधी बांधलेलं बोट बघितलं, डबी उघडून बघितली. तिसरी सुई काढून त्यानंच मशीनला लावली आणि सुईचा पेच आवळला. दुसऱ्या दिवसापासून तो हातानं काजं-बटणं करत बसला.

शरीफाला मग युक्ती सापडली. शिवणीकडं बघायचंच नाही. पाय एका लयीत ठेवायचे, दोन्ही तळवे कापडावर पसरायचे आणि बोटाखाली लागणाऱ्या जुन्या रेघेवर कापड सोडायचं. बाकीची वाकळ गुंडाळून मशीनच्या बगलेत घालायची. पहिल्या दिवशी वीतभर काम झालं, दुसऱ्या दिवशी हातभर. तिसऱ्या दिवशी गौसिया मशीनशेजारी येऊन बसली. शिवलेल्या भागावर तिनं बोट फिरवलं. वाट न्हाई, असं म्हणाली नाही.

पण रेघ अंगात भिनू लागली. एके ठिकाणी टाके आवळून घातलेले, तिथं कमरजहाँ कुणावर तरी चिडली असणार. एके ठिकाणी रेघ गचकली होती, तिथं तिला कुणी हाक मारली असावी. शरीफालाही तिथं हाक ऐकू यायची. ती मान वळवून बघायची, तर मागं कोणी नसायचं. शेजारच्या म्हातारीनं एकदा विचारलं की, आताशा डाव्या कडेवर घागर काहून घेतेस? शरीफाला ते माहीतसुद्धा नव्हतं. एका दुपारी चाँद पाशा दारात आला आणि उंबऱ्यातच थबकला. शरीफानं वर बघितलं. तिची मान डावीकडं कलली होती. तो पाणी न पिताच बाहेर गेला, आणि तो कुणाला बघून गेला हे तिला विचारावं लागलं नाही. तिला भीती वाटत होती. त्याहून जास्त हेवा वाटत होता, आणि मेलेल्या बाईचा हेवा करणारी मी कोण, असं तिचं तिलाच वाटत होतं.

बाराव्या दिवशी ती मधल्या तुकड्यापाशी आली. रेघ संपायला दोन बोटं उरली असताना कट्‌कन आवाज झाला आणि तिसरी सुई मोडली.

शरीफानं तिथले टाके उसवले. आत गाठ नव्हतीच. आत एक सुई होती, जाड, वाकळ शिवायची, गंजून तपकिरी झालेली, आणि तिच्या नेढ्यात अजून दोरा होता. डाग रक्ताचा नव्हता, गंजाचा होता. कळ आली तेव्हा कमरजहाँनं टाका घेता घेता सुई तशीच कापडात खुपसली असणार, आणि ती आत सरकली. इतकी वर्षं पोर त्या सुईवर बोट ठेवून झोपत होती.

मशीनला आता सुई नव्हती. गौसिया कडेला पडून टक लावून बघत होती. तिच्या ओठांना पापुद्रे आले होते. शरीफानं ती गंजकी सुई राखेनं घासली, नवा दोरा ओवला आणि उजव्या हातानं टाका घातला. दोरा अडकला. दुसरा घातला, सुई अंगठ्यात शिरली. तिसऱ्याला दोरा तुटला.

"तिकडून न्हाई," गौसिया म्हणाली.

शरीफानं सुई डाव्या हातात घेतली. पंधरा दिवसांपूर्वी ज्या हाताला एक टाका जमला नव्हता, तो हात चालू लागला. बारीक, तिरपे, सारखे टाके पडत गेले. रेघ आत वळली, पुन्हा वळली. कुठं वळायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि खाली चाचपायला जुनी रेघही नव्हती. हात थांबवावा असं तिला वाटलं. तिनं थांबवून बघितला नाही, कारण थांबला नसता तर काय, हा विचार तिला सोसला नसता. दिवेलागणीच्या आधी रेघ मधोमध येऊन संपली. आपल्याच बोटांनी गाठ मारलेली तिनं बघितली.

गौसियानं वाकळ अंगावर ओढली आणि काठावर बोट ठेवलं. शरीफाचा जीव टांगणीला लागला होता. त्या थांबायच्या जागी आता टणक काही लागणार नव्हतं. बोट तिथं आलं. थांबलं नाही. पोरीनं आजवर कधी न बघितलेल्या वळणांवरून ते सरळ आत गेलं, सवयीच्या वाटेनं जावं तसं, एकदाही न चाचपडता. मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "पोचले," आणि झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. उठली तेव्हा तिनं भाकरी मागितली.

पोर वाचली. शरीफाचं नाव झालं. अशी वळणदार मशीनची वाकळ शिवून घ्यायला शिरड शहापूरपासून बाया येऊ लागल्या. पुढं नांदेडहून सुया मिळाल्या. गंजकी सुई मात्र तिनं परसातल्या लिंबाखाली पुरली आणि डाव्या हातात पुन्हा सुई धरली नाही. आणखी एक पथ्य तिनं पाळलं. भिकाबाई येताना दिसली की ती वाकळ पेटीत जायची. तिच्या बोटाला ती खोटं बोलू शकली नसती.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य डळमळलं, दिवस वाईट येणार असं जो तो कुजबुजू लागला, म्हणून चाँद पाशानं तेरा वर्षांच्या गौसियाचं लग्न घाईनं उरकलं. बैलगाडीत सामान चढत होतं. भिकाबाई पोरीला निरोप द्यायला तांड्यावरून आली होती. गौसियानं वाकळ तिच्याच मांडीवर ठेवली. आता ती हिसकावून घेणं बरं दिसलं नसतं. भिकाबाईचे डोळे तोवर गेले होते, पण बोट तेच होतं. ते काठावरून निघालं.

"ही मशीनीची," ती म्हणाली. "पर हात हाय. वळणापाशी हळू होतो, जरा भितो, मंग जातो. शरीफा, हा तुझा हात हाय."

आठ-नऊ वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते शब्द आले, आणि शरीफाला आनंद झाला नाही. बोट आत आत चाललं होतं. मध्यापाशी ते थबकलं. मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. भिकाबाईनं आपले आंधळे डोळे वर केले.

"म्या तर ही अपुरीच चाचपली व्हती," ती म्हणाली. "मंग हे मधलं कमरजहाँनं कवा शिवलं?"

 शरीफानं डावा हात पदराखाली घेतला आणि गाडीवाल्याला, ऊन चढायच्या आत निघा, असं सांगितलं.