गाळलेलं कडवं

किडनी बदलली की माणूस नवाकोरा होतो, असं नेरूळ गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. भागीरथी रस्त्यात दिसली की जो तो म्हणायचा, आता काय, टेन्शन खलास. तीही मास्कच्या आडून हसून "एकदम बेस" म्हणायची आणि घराचा जिना चढायला लागायची. पहिल्या वळणावर थांबून पदर सारखा करायची. पदर आधीच सारखा असायचा.

रिपोर्ट खरंच चांगले येत होते. डायलिसिस सुटलं होतं. तहान लागली की भरल्या तांब्यातून घटाघटा पाणी पिता येत होतं, आणि ते सुख काय असतं हे घोट मोजून प्यायलेल्या माणसालाच कळतं. पण थकवा काही अंग सोडत नव्हता. रात्रभर झोपून उठलं तरी तो उशाशी बसलेलाच असायचा. आंघोळ करून ती पलंगावर टेकायची, निम्मे केस विंचरून व्हायचे आणि हात आपोआप खाली यायचा. मग फणी मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहायची. बाहेर पाऊल वाजलं की उरलेले केस गुंडाळून कसाबसा अंबाडा घालायची.

लपवायचं कारण होतं विमल. विमल तिची धाकटी नणंद, गावातच दिलेली. भागीरथीचा नवरा गोटीराम डायबिटीसवाला, त्याची किडनी घेता येईना, तेव्हा विमल पुढे झाली. भावजयीला नणंद किडनी देते म्हटल्यावर मंजुरी देणाऱ्या कमिटीतल्या साहेबांच्या भुवया वर जाणारच. पैसे घेतलेस का, कुणी दबाव टाकला का, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. विमलनं सांगितलं, आई गेली तेव्हा मी शाळेत होते, माझ्या वेण्या हिनं घातल्या, माझ्या लग्नाचे धवले हिनं म्हटले, आता हिला नाही तर कोणाला देऊ ते तुम्हीच सांगा. साहेबांनी सही केली.

अशा बाईला 'मी दमते' कसं सांगायचं? पोटातलं काढून दिलं आणि ते वाया गेलं, असं तिला वाटलं तर? तपासणीला विमल हटकून बरोबर यायची. डॉक्टर विचारायचे, थकवा वगैरे? विमल शेजारी बसलेली असायची, आणि भागीरथी म्हणायची, काय नाय.

त्यात विमलच्या लेकीचं, मनस्वीचं लग्न ठरलं. भागीरथी गावची धवलारीण. लग्नात धवले गाऊन देवांना नि पितरांना मांडवात बोलवायचं ते तिनं. आपण महिनाभर तरी असू की नाही याचा भरवसा नसताना, डायलिसिसच्या नळ्या लावलेल्या हातानं विमलचा हात धरून तिनं शब्द दिला होता, मनस्वीचे धवले मीच म्हणणार. आता डॉक्टरांनी परवानगीही दिली. गर्दीपासून लांब राहा, मास्क गाण्यापुरताच काढा, एवढीच अट. गळा होता तसाच होता. गळ्याला धरून ठेवणारं अंगच साथ देत नव्हतं.

स्वयंपाकघरात तिनं म्हणून पाहिलं, तर अर्ध्यावरच ओट्याला धरावं लागलं. मग तिनं अशी गोष्ट ठरवली, की दुसऱ्या कुणी केली असती तर तिनंच तिची चारचौघींत सालटी काढली असती. तिनं एक कडवं गाळायचं ठरवलं. सगळ्यात लांब, सगळ्यात जास्त नावं असलेलं. हल्ली मांडवात निम्मे लोक मोबाइलमध्ये असतात आणि उरलेले डीजेवाल्याची वाट बघत असतात, कुणाला कळणार आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. विसरली ती एवढंच, की वर्षानुवर्षं तिच्या मागून ओळ धरणारी सोबतीण विमलच होती.

हळदीच्या दिवशी मांडवाच्या कडेला, पंख्याजवळ तिला जागा करून दिली. बसून म्हण, असं गोटीराम म्हणाला. पण ती नेहमी उभ्यानं म्हणायची, बसली असती तर विमलला संशय आला असता. आवाज लागला तशा मोबाइलवाल्यांच्याही माना वर झाल्या. गावदेवी आली, खाडीकाठचा देव आला, वेशीवरचा आला. मग पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि ठरवल्याप्रमाणे तिनं ते कडवं सोडून पुढचं धरलं.

विमल हळदीच्या ताटाशी बसली होती. तिचे हात थांबले. तिचा चेहरा पाहिला आणि आपण काय करून बसलो ते भागीरथीला उमगलं. गाळलेलं कडवं नवरीच्या आजोळच्या पितरांचं होतं. त्यात विमलच्या आईचं नाव होतं. नातीच्या हळदीत आजीलाच बोलावणं गेलं नव्हतं. भागीरथीच्या तोंडून पुढचा शब्द फुटेना.

आता विमल भडकणार असं सगळ्यांना वाटलं. ती उठली, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ओढून आणल्या आणि एकीवर स्वतः बसली.

"वैनी, माजे पाय गेलेत. तू पन बस," ती म्हणाली, आणि राहिलेलं कडवं तिनंच उचललं.

भागीरथी बसली. पुढची ओळ तिनं धरली, त्यापुढची विमलनं, आणि दोघींनी मिळून म्हातारीला मांडवात आणलं. भागीरथीच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसावं असंही तिला वाटलं नाही.

नंतर आतल्या खोलीत तिनं सगळं सांगून टाकलं. फणीचं, जिन्याचं, ओट्याचं. तुझी किडनी चांगली आहे, मीच नालायक, असंही म्हणाली.

"आपरेशन झाल्यापासून मी पन दुपारची कडी लावून झोपते," विमल म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तुला घास गेला नसता."

म्हणजे इतके दिवस दोघी एकमेकींना 'एकदम बेस' म्हणून फसवत होत्या. आधी भागीरथीला हसू फुटलं, मग विमलला, आणि दोघी आपापल्या टाक्यांवर हात दाबून इतक्या हसल्या की आई रडते की काय म्हणून मनस्वी हळदीच्या अंगानं धावत आली.

थकवा अजून आहे. पण आता सकाळी विमल येते, अर्धवट राहिलेले केस विंचरून वेणी घालून देते, आणि दुपारी पंख्याखाली दोघी एकाच चटईवर आडव्या होतात. दाराला कडी नसते. कधी भागीरथीला आधी जाग येते, तेव्हा ती विमलच्या घोरण्याकडे कान देऊन पडून राहते. या बाईनं आपल्याला आयुष्य दिलं, हे तिला अशा वेळी फार वाटतं, आणि देवाजवळ विमलसाठीच काय काय मागून ती पुन्हा डोळे मिटते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, थकवा वगैरे?

"हाय," भागीरथी म्हणाली. "भरपूर हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. असा थकवा पुष्कळांना राहतो, ते म्हणाले, रक्त बघू, औषधं बघू, झोपेचं बघू, चालणं हळूहळू वाढवू, आधी का नाही सांगितलंत. भागीरथीनं शेजारी बसलेल्या विमलचं मनगट धरलं आणि तिचा हात टेबलावर डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.

"पयलं हिचं बगा," ती म्हणाली. "माजं मागून."