नजीरभाईंच्या दुकानातला ट्रेबल

गाड्यांना टेप बसवणाऱ्या दुकानात किस्से आपोआप साठतात. गाणं एकच असतं, पण ते प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं. जालना रोडच्या मागच्या गल्लीत नजीरभाईंचं दुकान आहे आणि मी तिथला मिस्त्री.

सोयगावचे एक गुरुजी आले. "नवे स्पीकर बसवले तवापासून कानात सुई टोचतीय." भाईंनी पाहिलं, तर दोन्ही ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, समोरच्या काचेकडं तोंड करून बसवलेले. आवाज काचेवर आपटून थेट कानात येत होता. भाईंनी डॅशबोर्डवर नुसता टॉवेल अंथरला. आवाज एकदम मऊ झाला. "आता ट्विटर फिरवून देतो," भाई म्हणाले. "राहू द्या, टॉवेलच द्या," गुरुजी म्हणाले आणि खरंच घेऊन गेले!

वैजापूरचं एक जोडपं होतं. नवरा म्हणे ट्रेबल, म्हणजे तो बारीक आवाज, वाढवा, बायको म्हणे कमी करा, डोकं दुखतं. भाईंनी दहा मिनिटं खुडबुड केली. दोघंही खूश होऊन गेले. भाईंनी ट्रेबल वाढवून फक्त बाईंच्या बाजूच्या ट्विटरची वायर काढून ठेवली होती.

आता माझा किस्सा. मी आधी वाळूजला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशिनींवर होतो. कंपनी बंद पडली तेव्हा भाईंनी ठेवून घेतलं. पण मी सेट केलेल्या गाड्या परत यायला लागल्या, सगळ्यांची तक्रार एकच, आवाज टोचतो. शेवटी भाईंनी मला एका गाडीत बसवलं, ट्विटर सोडून बाकीचे स्पीकर बंद केले आणि विचारलं, "काय वाजतंय, दत्ता?"

"आधी चालू तर करा, भाई."

बाहेर उभ्या गिऱ्हाइकानं कानांवर हात ठेवले होते.

प्रेसच्या दणदणाटात मला बारीक आवाज ऐकू येणं कधीच बंद झालं होतं. घरी दोन पोरी शिकत होत्या. ही नोकरीही गेली असं धरून मी पाने-पक्कड आवरायला लागलो. भाई म्हणाले, "ठेव ते. गिऱ्हाइकाच्या कपाळाकडं बघून लाव. आठी गेली की हात काढायचा." आजवर तसंच करतो. माझ्या पोरी शिकल्या त्या या माणसामुळं.

मागं एक साहेब आले, तीन दुकानं फिरून वैतागलेले. त्यांच्या कपाळाकडं बघत मी ट्रेबल उतरवत गेलो आणि एका जागी थांबलो. साहेबांनी डोळेच मिटले. मग भाईंना म्हणाले, "माझ्या मेहुण्याचं पुण्यात असंच दुकान आहे. हा माणूस आम्हाला द्या. असा कान लाखात एकाचा."

मी खाली बघत होतो. भाई हसले नाहीत.

"नाय जमणार, साहेब. ट्रेबल किती ठेवायचा, ते मी बी यालाच विचारतो."