सावरखेडीचं नाव

सावरखेडीचे चुडामण नाना तापट खरे, पण त्यांचा राग उतू जाणाऱ्या दुधासारखा. पाण्याचा एक हबका मारला की खाली. हबका मारायचं काम त्यांच्या बायकोचं. तिचं नाव द्रौपदाबाई, पण खानदेशात सासरी आलेल्या बाईला नावानं कोण विचारतो? माहेरच्या गावावरून ओळखायचं. ती असोद्याची, म्हणून असोदावाली. तशाच सावरखेडीच्या लेकी जिथे दिल्या तिथे सावरखेडीवाल्या. नानांची लेक कलाबाई धुळ्याकडे दिलेली. तिकडची अख्खी गल्ली तिला सावरखेडीवाली म्हणे, आणि ते ऐकलं की नानांची छाती फुगे.

नव्वदनंतरचा एक पावसाळा. चोपड्याच्या त्या पट्ट्यात केळी जोमात होती आणि नेमक्या नानांच्या बागेत पानांवर पिवळ्या रेघा उठल्या. रेघांचे तपकिरी ठिपके झाले, ठिपके एकमेकांत मिसळले आणि पानं कडेनं भाजल्यासारखी वाळली. करपा आहे, जाईल आपोआप, असं म्हणून गाव मोकळं झालं. नानांना कुठला धीर! ते कृषी खात्यातल्या आहेरसाहेबांना घेऊनच आले. साहेब नाशिककडचे, तरुण, बोलायची भारी हौस.

साहेबांनी पान उन्हाकडे धरलं. "करपाच हा, नाना. इंग्रजीत याला सिगाटोका म्हणतात."

"काय शे हाई सिगाटोका? कोना डाक्टरनं नाव शे का?"

"नाही हो, जागेचं. लांब समुद्रात फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथल्या एका नदीचं, तिच्या खोऱ्याचं आणि गावाचं हे नाव. ऐंशी वर्षांपूर्वी तिथली केळी या रोगानं झोपली, तेव्हापासून रोगालाच ते नाव चिकटलं. गंमत म्हणजे त्याच्या आधी हा जावा बेटावर दिसला होता."

"हाई बरं शे! चोरी करी एकनी, नाव दुसरानं!"

साहेब हसले. मग म्हणाले, "पण तुमचे ठिपके जरा वेगळे वाटतात. पानं तपासायला पाठवतो. नवा प्रकार निघाला तर काय सांगावं, सावरखेडी करपा म्हणून तुमचं गाव जगभर गाजेल!"

नाना खूश होतील, असं साहेबांना वाटलं होतं. नानांचं तोंड एवढंसं झालं. साहेबांना चहा पाजायचंही त्यांना सुचलं नाही.

घरी आले ते घुम्यासारखे बसून राहिले. असोदावाली घाबरली. "बठ्ठी बाग गई का?"

"बाग जाऊ दे. गावनं नाव जाई ऱ्हायनं." नानांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "सावरखेडी म्हनं का रोग. मंग गल्लीमां कोनी हाक मारी तं कलाले मारी का रोगले?"

एरवी असोदावालीनं दोन शब्दांत त्यांना ताळ्यावर आणलं असतं. त्या दिवशी तिला हबका सापडेना. माहेरच्या गावाच्या नावावर अख्खा संसार केलेली बाई ती. नवरा उगाच डोक्यात राख घालत नाही, हे तिला पुरतं कळलं. हबका नाही म्हटल्यावर नाना जास्तच धास्तावले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्यांनी जळगाव गाठलं आणि साहेबांच्या टेबलापुढे हात जोडून उभे राहिले.

"साहेब, रोग नवाच निंघना तं गावनं नाव नका लावू. मन्हं लावा. चुडामण करपा."

"अहो नाना, तुमचं कशाला?"

"मन्हा नाववर कोनी लेक सासरले नांदत नही."

साहेबांना हसू यायला हवं होतं, पण ते आलं नाही. त्यांनी नानांना खुर्चीत बसवलं आणि चहा मागवला.

काही दिवसांनी साहेब स्वतः मोटारसायकलवर सांगायला आले. रोग जुनाच निघाला, नवं काही नाही. नानांनी पेढे वाटले. बागेत रोग आला म्हणून पेढे वाटणारा शेतकरी त्या पट्ट्यात आधी झाला नाही आणि नंतरही नाही. गाव पोट धरधरून हसलं. नानाही हसले. मग रोगट पानं कापली, जाळली, फवारणी केली आणि बरीचशी बाग वाचवली. घड थोडे बारीक आले, पण नाना त्या वर्षी भलत्याच खुशीत होते.

हिवाळ्यात चोपड्याला शेतकऱ्यांचा मेळावा भरला. आहेरसाहेब माईकवर होते. ते म्हणाले, "या वर्षी सिगाटोकानं फार नुकसान केलं. सिगाटोका वेळीच ओळखा..."

मागच्या रांगेतून नाना ताडकन उठले. सगळा मांडव वळून बघायला लागला.

"साहेब, करपा म्हना!" नाना ओरडले. "त्या गावन्या बी लेकी कोठे तरी नांदत व्हतीन."